सहा पेल्यांचं पंचपाळं

माझं लग्न जमलं ते रूपामुळे नाही, आणि गुणांमुळे तर नाहीच नाही. ते जमलं एका चांदीच्या भांड्यामुळे. ते भांडं कशाचं हे आमच्या घरात तीन वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं, निदान तोंडानं कुणी तसं कबूल करत नव्हतं.

वडील मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्टात, एका गोऱ्या साहेबाच्या पेढीवर कारकून होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं घरचं सामान विकलं आणि उरलंसुरलं हाताखालच्या लोकांना वाटून टाकलं. वडिलांच्या वाट्याला मखमलीनं मढवलेलं एक खोकं आलं. आमचं बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांचं. खोकं उघडताना बघायला निम्मी चाळ दारात गोळा झाली. आत चांदीची एक बैठक, मधोमध उभी मूठ, भोवती कड्यांत बसवलेले सहा छोटे पेले आणि प्रत्येक पेल्याशेजारी अडकवलेला इवलासा चमचा. पेले आणि चमचे आतून सोन्याच्या मुलाम्यानं पिवळेधमक!

कुणी म्हणालं, औषध घ्यायचं असेल. कुणी म्हणालं, अत्तराचं. समोरच्या काकू म्हणाल्या, साहेबाला सहा पोरं असतील, एकेकाला मध चाटवत असेल. आईनं सगळ्यांना बाजूला सारलं.

"त्यात काय ओळखायचंय? पंचपाळं आहे हे. हळदीकुंकवाचं!"

आता पंचपाळ्याला वाट्या पाच, इथे पेले सहा. हळद, कुंकू, अक्षता, बुक्का, शेंदूर बसले. सहाव्यात काय घालायचं यावर दोन दिवस वाद चालला आणि शेवटी त्यात गुलाल गेला. चमचे कशाला, तर कुंकवाला हात लागू नये म्हणून. "मेल्याचं सोवळं आपल्याहून कडक दिसतंय," आई कौतुकानं म्हणाली, "आणि देवाचं नसतं तर आतून सोनं कोण लावील?" वडिलांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलेलं मला आठवतं. पण तोवर आईनं ते भांडं देवापुढे ठेवून नमस्कारही केला होता, तेव्हा त्यांनी तोंड मिटलं. पुढे रोज आरतीला ते डोळे गच्च मिटून उभे राहत. आम्हांला वाटे, भक्ती वाढली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आमच्याकडे अख्खं गिरगाव लोटायचं, ते कैरीच्या डाळीसाठी नव्हे, पंचपाळं बघायला. आईची मान ताठ ती ताठच!

मला तेरावं सरत आलं होतं. त्या काळात म्हणजे घोडनवरीच. त्यात वडिलांनी मला शाळेत घातलेलं. हातात छापील कागद आला, मग तो पुडीचा का असेना, की मी तो वाचून काढायची. तीन स्थळं याच पायी मोडली होती. चौथं मोडलं तर अलिबागचा एक बिजवर तयारच होता. वडिलांपेक्षा दोन वर्षांनी लहान, समोरचे दात गेलेले, आणि 'पुस्तकं चुलीत घालून मगच मुलगी पाठवा' असा त्याचा निरोप! मी देवाला रोज एकच सांगे, काहीही कर, पण अलिबाग नको.

चौथं स्थळ माहीमचं. मुलगा मॅट्रिक झालेला, स्वभावानं गरीब. त्याचे वडील मात्र जमदग्नी. नोकरी गोदीत, बोटींवर जाऊन माल तपासण्याची, पण संध्याकाळी घरी आल्यावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीकडे फिरकत नाहीत अशी त्यांची ख्याती. बायकोला घेऊन ते मुलगी बघायला आले, बाहेरच्या खोलीत पाटावर बसले आणि पोहे न शिवताच सुरू झाले. मुलगी वाचते. बाप गोऱ्याची चाकरी करतो. अशा घरात आचारविचार राहत नाहीत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. शेवटी "बरं, निघतो" म्हणून ते उठलेच.

संपलं, म्हटलं. चला अलिबागला!

पण सवाष्ण कुंकू लावल्याशिवाय कशी जाणार? त्यांच्या पत्नीला थांबवून आई पंचपाळं घेऊन उंबऱ्यात आली आणि कुंकू लावू लागली. ते बघून जमदग्नी जागच्या जागी थबकले.

"हे काय? कुंकू ह्याच्यात?"

आई परपुरुषाशी बोलत नसे. ती त्यांच्या बायकोकडे बघून बोलली. "त्यांना सांगा, पंचपाळं आहे. विलायती."

"पंचपाळं कसलं डोंबलाचं! अंडी ठेवायचं भांडं आहे ते! उकडलेली अंडी!"

वडिलांनी डोळे मिटले, आरतीला मिटायचे तसेच. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईचा चेहरा पांढराफटक पडला, पण हातातलं पंचपाळं हललं नाही. तिला दुसरं काही सुचेना म्हणून की काय, ती वाद घालू लागली.

"त्यांना विचारा, अंड्यांना सहा चमचे कशाला?"

"अहो, टोक फोडायचं आणि आतलं काढायचं त्यानं!"

"विचारा, मग आतून सोनं कशाला? अंड्याला कुणी सोनं लावतं का?"

वादात हार जायची त्या माणसाला सवयच नव्हती. ते उसळून म्हणाले, "लावावंच लागतं! नुसत्या चांदीच्या चमच्यानं बलक खाल्ला की चमचा काळा पडतो आणि तोंडात अशी घाणेरडी चव राहते, की सकाळभर..."

आणि थांबले.

त्यांच्या बायकोनं मान हळूहळू वळवली. कपाळावर निम्मंच कुंकू लागलं होतं. "सकाळभर काय?" तिनं विचारलं.

जमदग्नी घामाघूम झाले. बोटीवरचा कप्तान, त्याची न्याहारी, आणि ते संध्याकाळचं डोक्यावरून पाणी, सगळं एका क्षणात त्या बाईच्या डोळ्यांपुढे उभं राहिलेलं मी पाहिलं. आईनंही पाहिलं. ती इतक्या गोड आवाजात बोलली, की तसा मी जन्मात ऐकला नव्हता.

"त्यांनी कुठेतरी वाचलं असेल हो. थोरामोठ्यांचं वाचन दांडगं असतं. वाचण्यात काय वाईट आहे?"

"वाचलंच!" ते घाईघाईनं म्हणाले. "वाचण्यात काहीच वाईट नाही." आणि पुन्हा पाटावर बसले. पोहे ओढून घेतले. "मुलगी पसंत आहे आम्हांला."

पाहुणे गेल्यावर आईनं दार लावलं आणि वडिलांकडे वळली. "तुम्हांला ठाऊक होतं."

"साहेबाच्या टेबलावर पाहिलं होतं एकदा."

"नुसतं पाहिलंत?"

वडील आढ्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी देवांना पंचामृतानं न्हाऊ घातलं. पंचपाळं चिंचेनं घासलं, गोमूत्रानं धुतलं, पुन्हा चिंचेनं घासलं. आई घासता घासता रडत होती. तीन वर्षांची मिरवणूक अशी मोरीत बसली, याचं मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून तिनं ते माझ्या रुखवताच्या टोपलीत ठेवलं.

"हे कशाला?" वडिलांनी विचारलं.

"ज्यांना ओळखू येतं, त्यांच्याच घरी जाऊ दे."

तसं ते माझ्याबरोबर माहीमला आलं. सासूबाईंनी ते फडताळात सगळ्यांत वर ठेवलं. मी मात्र दुपारी माजघरात बसून उघडपणे पुस्तक वाचू लागले. सुनेनं असं वाचणं म्हणजे काय, सासूबाई कुरकुरायच्याच. त्यांची कुरकुर फार वाढली की मी पुस्तक मिटून उठायची, स्टुलावर चढून पंचपाळं खाली काढायची आणि मामंजींच्या समोर बसून एकेक चमचा घासायला घ्यायची.

दुसऱ्या चमच्यापर्यंत कधी जावं लागलं नाही.

"अगं, वाचू दे तिला," मामंजी म्हणत.