आधी फोन कोणी ठेवायचा?

"रिले साफ करा," साहेब फोनवर म्हणाले.

"केले साहेब. तीनदा केले."

"मग चौथ्यांदा करा. आबांची तक्रार आहे ती."

मी कपाळावर हात मारून घेतला. फोनवर तो दिसत नाही, एवढं बरं असतं.

आबा म्हणजे आमच्या तालुक्याचे पुढारी. रोज सकाळी दहा ते अकरा त्यांचा फोन बिघडायचा. उचलला की डायल टोन नाही. भांड्यांचा आवाज, कुणा बाईचं बोलणं आणि सतत टकटक. विरोधकांनी फोन टॅप केलाय, असं आबांचं ठाम मत होतं. टॅप करणारे भांडी कशाला घासतील, हे विचारायची आमच्या खात्यात कुणाची छाती नव्हती.

दुसरी तक्रार कुणी लिहूनही घेतली नव्हती. युसूफ वडगावच्या पुढं एक गाव आहे. माणसं अजून हयात आहेत, म्हणून नाव सांगत नाही. तिथल्या छोट्या एक्स्चेंजमधून तालुक्याला जायला दोन लाइनी होत्या. एक सहा महिने बंद. सामान 'येत होतं'. उरलेली एक, तीही रोज दहा ते अकरा बिझी. मी फोन इन्स्पेक्टर, माझ्याकडे पाच गावं. फटफटीवर मी तिथं पोहोचेपर्यंत अकरा वाजून जायचे आणि लाइन ठणठणीत असायची. दोन दिवस असेच गेले.

तिसऱ्या दिवशी नऊलाच जाऊन बसलो. एक्स्चेंजच्या पायरीवर बिरू बसला होता. शेळ्या-मेंढरं राखणारा माणूस. शेजारच्या बूथवाल्यानं त्याला माझ्याकडं पिटाळलं होतं.

"साहेब, आज तरी लागंल का फोन? रोज दोन शेळ्या मरायल्यात."

"तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरकडं जाऊन ये की."

"कालबी गेलतो. पयली एसटी साडेदहाची. ती पोचती तवर डॉक्टर फेरीवर निघून गेलते. शिपाई म्हणला, धा ते अकराच्या मधी फोन कर, मग ते इकडंच येतेत."

म्हणजे याला हवा तोच तास आणि अडतो तोही तोच तास. मला त्याच्याकडं बघवेना.

दहाच्या ठोक्याला रॅकमध्ये रिले, म्हणजे तारा जोडणारा चुंबकी खटका, टक्कन ओढला गेला. लाइनचा दिवा लागला. कुणीतरी तालुक्याला बोलत होतं.

इथं जरा जुन्या एक्स्चेंजची भाषा सांगतो. त्याला आपलं बोलणं कळत नाही. तार जुळली की तुटली, एवढंच कळतं. तुम्ही रिसीव्हर उचलला की तार जुळते, करंट वाहतो. एक्स्चेंज समजतं, कुणीतरी आलं. पाच आकडा फिरवला की तार पाच वेळा क्षणभर तुटते. ते मोजून घेतं. तार जास्त वेळ तुटली तर समजतं, माणूस गेला. आणि एक नियम लक्षात ठेवा. कॉल ज्यानं लावला त्याच्या मालकीचा. समोरच्यानं फोन ठेवला तरी कॉल सुटत नाही. समोरच्यानं खाली ठेवून वरच्या खोलीत उचलला तर बोलणं चालू राहावं, म्हणून ही सोय.

सव्वादहा झाले. दिवा तसाच. मी टेस्ट फोन लावला आणि लाइनवर कान दिला. बोलणं काहीच नाही. भांडी आणि टकटक.

ती टकटक मी ओळखली. गावात पिठाची गिरणी एकच, आणि तिच्या भिंतीला लागून घर दत्तूभाऊचं. दत्तूभाऊ आबांचा गावातला माणूस. रोज दहाला गावची खबर आबांना द्यायची, हे त्याचं काम.

तडक त्याच्या घरी गेलो. बायको मोरीत भांडी घासत होती. टेबलावर लाल टॉवेलाची घडी, तिच्यावर रिसीव्हर उताणा ठेवलेला. दत्तूभाऊ शेजारी बसून बशीनं चहा पीत होता.

"दत्तूभाऊ, बोलणं झालं का?"

"कवाच झालं."

"मग फोन ठेवला कावून नाही?"

"आबांनी ठेवला का न्हाई, काय म्हाईत? त्यांच्या आधी आपुन कसं ठेवावं? बरं दिसतंय का ते?"

"आणि अकराला कसा ठेवता?"

"अकराला त्यांची गाडी निघती. मंग ते घरीच नसतेत. मंग ठेवायला काय हरकत हाय?"

मला ओरडावंसं वाटलं. आबा रोज फोन ठेवत होते, परत उचलत होते आणि याच घरातली भांडी ऐकत होते. त्यांचं हॅलो-हॅलो गिरणीच्या आवाजात बुडत होतं. आणि मी तिकडं तालुक्याला स्पिरिट लावून रिले पुसत होतो!

"अहो, तुम्ही ठेवल्याशिवाय आबांचा फोन सुटतच नाही. तुम्हीच त्यांना धरून ठेवलंय."

दत्तूभाऊचा चेहरा उतरला. "आबांना सांगू नका साहेब," एवढंच म्हणाला. तरी त्याचा हात काही पुढं येईना. शेवटी रिसीव्हर मीच ठेवला.

एक्स्चेंजला परतलो तेव्हा अकराला दहा कमी होते. नंबर लावून फोन बिरूच्या हातात दिला. डॉक्टर निघायच्याच बेतात होते. बिरूनं शेळ्यांची हगवण, नाकाचं पाणी, सगळं मोठ्यानं सांगितलं. तिकडून 'येतो' ऐकू आलं, तसा त्यानं फोन दाणकन ठेवला.

"अरे, डॉक्टरांच्या आधीच ठेवलास?"

"येतो म्हणले की. आता काय धरून बसू?" म्हणाला आणि पळत सुटला.

डॉक्टर दुपारी आले. राहिलेल्या शेळ्या वाचल्या. तीन दिवसांत गेलेल्या सहा काही परत येणार नव्हत्या, आणि त्या माझ्या मनातून अजून गेलेल्या नाहीत.

मी एक्स्चेंजमधूनच जिल्ह्याला साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"हे आबांना कसं कळवणार?" साहेब म्हणाले. "रजिस्टरला रिले चिकटला होता असं लिहा."

"बरं साहेब."

"बरं."

पुढं शांतता. मी कानाला फोन लावून उभा. बराच वेळ उभा होतो. मग बूथवाला दारात येऊन म्हणाला, "साहेब, लाइन सोडा की. गिऱ्हाइक खोळंबलंय."

तेव्हापासून बोलणं संपलं की मी आधी ठेवतो. दोन साहेब त्यावरून नाराज झाले.