अर्ध्या उंबऱ्याचं माप

आमच्या घराचं पुढचं दार दोन घरांत वाटलेलं आहे. मावळात, वराळ्याच्या पलीकडे, भातखाचरांच्या कडेला आमचं काळ्या दगडाचं शेतघर आहे. भिंती दीड हात जाड, आणि घर पाच खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुन्या घरांचं माप त्यातच सांगतात. माझे सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले तेव्हा पाचाला दोनाने भागायची वेळ आली. एकाने दोन खण घेऊन परसात थोडी जास्त जागा घ्यावी, असं सुचवणारे शहाणे गावात होते. ऐकणारे घरात नव्हते. अडीच म्हणजे अडीच! मग मधला खण चिरला, आणि दार नेमकं त्याच खणात होतं.

विटांची भिंत मागून येऊन थेट उंबऱ्याला भिडली. डावं कवाड आमचं, उजवं चुलत सासऱ्यांचं. भिंत वर तुळयांपर्यंत गेली आणि थांबली, कारण माळ्यावरची भिंत कुणी बांधायची यावर भाऊ अडले आणि तिथून त्यांचं बोलणंच तुटलं. सागवानी उंबरा तेवढा अखंड राहिला. त्याला करवत लावायला एकही सुतार तयार होईना. शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेली मंडळी वाट वाकडी करून या दाराचे फोटो काढतात. त्यांना वाटतं, यामागे कुण्या थोर कारागिराचं डोकं असणार. कुणाचंच डोकं नव्हतं, हे मी त्यांना सांगत नाही.

मी वलवणची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं होतं. ते उजव्या पायाने लवंडायचं. तांदूळ घरात सांडले की लक्ष्मी आत आली. काम सोपं. पण एका कवाडातून दोघांनी जोडीने शिरायचं, आणि माझा नवरा अंगाने भरलेला. त्याने मला जागा द्यायला अंग चोरलं, मी त्याला जागा द्यायला अंग चोरलं, आणि दोघं एकमेकांवर आदळलो. माझा पाय तिरका बसला. माप भिंतीच्या टोकाला आपटून उजवीकडे लवंडलं. तिकडे चुलत सासूबाई कवाड किलकिलं करून उभ्या होत्या. बोलणं बंद असलं तरी बघणं बंद नव्हतं. सगळे तांदूळ त्यांच्या पायांवर सांडले.

वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. पहिल्याच पावलाला मी या घरची लक्ष्मी शेजारी पोचती केली होती.

“पुन्ना भरा माप,” सासूबाई कशाबशा म्हणाल्या.

“माप कुटं दोनदा भरत्यात व्हय?” भावकीतले एक आबा म्हणाले. “जिकडं माप, तिकडं सून.”

चुलत सासूबाईंनी कवाड सताड उघडलं. “ये गं पोरी. आमी काय खात न्हाई तुला.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं. मग मी नवऱ्याला ओढत उजव्या कवाडातून आत गेले, पाया पडले, गूळ खाल्ला. आता आपल्या घरात जायचं कसं? उंबरा ओलांडून बाहेर यावं तर नवरी माघारी फिरली म्हणणार. आबा विचारात पडले, बायका कुजबुजायला लागल्या. मी वर बघितलं. तुळयांच्या वर भिंत नव्हती, आणि कोपऱ्यात माळ्याची शिडी होती.

शालू खोचला आणि चढले. उपरण्याची गाठ माझ्या शेल्याला, त्यामुळे नवऱ्यालाही यावंच लागलं. माळ्यावर भाताची कणगी, जुनी इरली आणि एक झोपलेलं मांजर होतं. मांजराने डोळा उघडून आम्हाला बघितलं आणि परत मिटला. पलीकडची शिडी खाली सासूबाईंनी दोन्ही हातांनी धरली होती. मी केसांत पेंढा घेऊन सासरी उतरले. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढे मात्र बोलल्या. म्हैस आटली, कौल गळलं, नवऱ्याची कंपनीतली बढती हुकली, की त्या भिंतीकडे बघून उसासा टाकायच्या. “आमची लक्ष्मी पलीकडंच ऱ्हायली,” असं आल्यागेल्याला ऐकवायच्या. मी हसण्यावारी न्यायचे. खरं सांगते, लागायचं. एकदा तर मी गोठ्यात जाऊन रडले होते.

गेल्या हिवाळ्यात चुलत दिराचं लग्न झालं. माप उजव्या अर्ध्या उंबऱ्यावर होतं. बोलणं तुटलं तरी मानपान तुटत नाहीत, त्यामुळे जाऊ म्हणून नवरीचा हात धरायचा मान माझा. आमचं डावं कवाड सकाळपासून सताड उघडं होतं. ते कुणी उघडलं, हे विचारू नये. मी तिच्या कानात म्हटलं, “पाय जरा डावीकडं मार.” तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि असा पाय मारला की तांदूळ थेट आमच्या ओटीवर, सासूबाईंच्या पायांशी.

एकच गलका झाला. चुलत सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मी कौलांकडे. पण नवरीचे डोळे भरून आलेले दिसले आणि माझी मजा तिथेच विरली. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता.

सासूबाई वाकल्या, मूठभर तांदूळ त्यांनी पदरात घेतले. मग नवरीचा हात धरून तिला आमच्या शिडीपाशी आणलं आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“रडू नगंस, बाय,” त्या म्हणाल्या. “चढ बिनघोर. आमची लक्ष्मी बी वरनंच आली व्हती.”