पहिल्या दोन रांगा

“मॅडम, त्या बायकांना विंगेत उभं केलं तर चालेल ना?” मोबाइलमधून मान वर न काढता सुहास म्हणाला. प्रयोग तासाभरावर आला होता. मी स्टेजवर दोर आवळत होते. विंग म्हणजे स्टेजच्या कडेची, प्रेक्षकांना न दिसणारी जागा. तिथून नाटक धड दिसत नाही, समोरून सेट तर नाहीच. माझं डोकंच फिरलं.

मी नाटकांचे सेट करते. उरलेला वेळ रत्नागिरीच्या बंदरावर, मिरकरवाड्यात जातो. मासळी विकून आलेल्या बायका तिथे दुपारी आमच्या कलावर्गात जमतात. चित्रं काढतात, शिवतात, भांडतातही. हा सेट त्यांनीच केला होता. ट्रॉलरवरची फाटकी जाळी धुऊन, जोडून त्यांनी स्टेजभर समुद्र शिवला. मागे टांगलेल्या अशा पडद्याला आम्ही बॅकड्रॉप म्हणतो. जवळून पाहिलं तर नुसत्या गाठी दिसतात. समोरून, लाइट पडला की लाटा. तसा तो बायकांनी एकदाही पाहिला नव्हता. त्यासाठीच त्या गजरे माळून बाहेर उभ्या होत्या. शब्द मी दिला होता.

सुहास मुंबईच्या आयोजकांचा मॅनेजर. ‘लोकसहभागातून साकारलेलं नेपथ्य’ असं पत्रिकेत ठळक छापून घेतलं ते यानंच.

“पहिल्या दोन रांगा त्यांच्या ठरल्या होत्या,” मी म्हटलं.

“हो, पण स्पॉन्सरसाहेब फॅमिली घेऊन येतायत. आणि वास वगैरे... समजून घ्या ना.”

याच साहेबांनी दुपारी जेवताना दोनदा सुरमई मागून घेतली होती. तेव्हा वास आला नसावा.

माझा चेहरा बघून त्यानं तोडगा काढला. “मग त्यांना सेटवरच बसवू. जाळी विणतायत असं. ऑथेंटिक वाटेल.”

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या शेवंताबाई तोवर आत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

“नको रे बाबा,” त्या म्हणाल्या. “आमी बगायला आलोय. लोकांनी आमाला बगावा म्हणून नाय.” मग माझ्याकडे वळल्या. “आमी जातो गो घरी. तू तुजा काम कर.”

त्या इतक्या शांतपणे बोलल्या की मला आणखीच संताप आला. आवळलेला दोर मी सोडायला घेतला. वरचा पाइप एका बाजूनं खाली आला, समुद्र तिरका झाला.

“मॅडम, काय करताय?”

“ज्यांचा सेट त्या घरी चालल्यात. सेटही जाईल.”

“आपलं कॉन्ट्रॅक्ट आहे.”

“मग जा कोर्टात. रत्नागिरीतच आहे, लांब नाही.”

सुहासनं बाजूला जाऊन फोन केले. मग मुकाट्यानं खाली उतरून खुर्च्यांवरचे ‘राखीव’चे कागद स्वतः काढले. मी दोर पुन्हा आवळला, बायका पुढे बसल्या, साहेब तिसऱ्या रांगेत. काही बिघडलं नाही त्यांचं.

पडदा उघडला, लाइट आला. नाटकाची सुरुवातीची वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. पहिल्या दोन रांगा बोटं दाखवून एकमेकींना आपापले तुकडे दाखवत होत्या.

पुढचे प्रयोग मुंबईत झाले. नेपथ्यकार दुसरा, समुद्र फ्लेक्सवर छापलेला. पत्रिकेत ‘लोकसहभाग’ मात्र तसाच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

कुठल्या खुर्चीतून काय दिसतं, या हिशोबाला आमच्या धंद्यात साइटलाइन म्हणतात. खुर्चीत कोण बसणार, हे त्यात येत नाही. आता काम घेण्याआधी मी तेवढं विचारते. बरीच कामं तिथेच हातची जातात.