ताईच्या सासऱ्यांचं मेण

अख्ख्या मालवण तालुक्यात समुद्राशी उघड वैर घेतलेला एकच माणूस होता, आणि तो माझ्या ताईचा सासरा होता. बाकीचे लोक समुद्राला नारळ देतात, त्याच्यावर पोट भरतात. ताईचे सासरे सकाळी ओटीवर उभे राहून वाऱ्याचा वास घेत आणि "इलो मेलो!" म्हणत फडकं आणायला घरात पळत. मेलो म्हणजे खारा वारा. तीस वर्षं त्यांनी जहाजावर नोकरी केली आणि त्यातली निम्मी गंज खरवडण्यात नि रंग मारण्यात घालवली. निवृत्त होऊन घरी आले, तर घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर! मग अठ्ठ्याण्णव साली त्यांनी एक जुनी, गडद निळी गाडी घेतली आणि उरलेलं आयुष्य तिला त्या मेल्याच्या तावडीतून वाचवायचं ठरवलं. हत्यार एकच, मेण.

ती गाडी बघायला मी मसुऱ्याहून मुद्दाम गेलो होतो. कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला मात्र, आतून गर्जना आली, "पावण्यानू, हात मागे! हाताक घाम आसता, घामाक मीठ आसता!" चहा येईपर्यंत मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. ताईच्या सासूबाईंना तर गाडीचं दार स्वतः उघडायची परवानगीच नव्हती. यजमान दार उघडणार, मग त्या हात मांडीवर ठेवून आत बसणार. "चाळीस वर्षांत माझी एवढी बडदास्त ठेवूक नाय," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यात तक्रार किती नि सुख किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेण निवडणं हा तर त्यांच्या घरी मुलगी बघण्याहून मोठा सोहळा. कपाटात नेहमी तीन-चार प्रकार. बाटलीतल्या पातळ मेणाला ते "सोलकढी" म्हणत आणि ते दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी ठेवत. पांढऱ्या, मऊ, वासाच्या मेणाची चिमूट दोन बोटांत चोळून कानाशी धरत. "आयक, करकरता! ह्यात रेती आसा. मळ काढता तसो रंगय खाता." त्यांचा जीव होता तो साबणाच्या वडीसारख्या घट्ट, पिवळ्या मेणावर. ते ब्राझीलमधल्या कसल्याशा ताडाच्या पानांवरून खरवडून काढतात, हे त्यांना जहाजावर कळलं होतं. "म्हणजे आमच्या माडाचोच चुलतभाव तो! खाऱ्या वाऱ्याची तेका सवय आसतली." एकदा पिवळ्या मेणाचे दोन डबे आले, एक गोव्याचा, एक मुलाने आखातातून पाठवलेला, आणि यांना ठरवता येईना. गेले की सरळ देवळात कौल घ्यायला! देवाच्या अंगावर ओले तांदूळ लावायचे, उजवीकडचा दाणा आधी पडला की होकार. गुरव म्हणाला, असल्या गोष्टीला कौल लावत नाहीत. "पेरणीक लायतंस, लग्नाक लायतंस, मगे मेणाक कित्याक नाय?" देवाने आखाताच्या बाजूने कौल दिला. गुरव तेव्हापासून त्यांना बघितलं की आंघोळीला जायचा.

लावण्याची रीतही ठरलेली. विहिरीच्याच पाण्याने धुवायचं, फणसाच्या सावलीतच लावायचं, जुन्या सुती लुगड्यानेच पुसायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की एका पत्र्याला मेण लावायचं, वाळायच्या आत ते पुसायचं, मगच दुसऱ्याला हात घालायचा. हा नियम त्यांनी मला इतक्या वेळा सांगितला होता की झोपेतसुद्धा म्हणून दाखवला असता. म्हणूनच दोन हजार पाचच्या मे महिन्यात जे घडलं त्याला तोड नाही.

भाचीचं लग्न ठरलं होतं, वेंगुर्ल्याला. गाडी घरी आली तेव्हा ती बारावीत होती. तिला पहिला फेरफटका मारून आणताना आजोबांनी शब्द दिला होता, "लग्नाक तुका ह्याच गाडयेतसून नेतलंय." पण भावजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, कुडाळची एक मोठी पांढरी गाडी बोलून ठेवलेली. "बाबानू, ही आता जुनी झाली. वेंगुर्ल्याची माणसां काय म्हणतली? आदल्या दिवशी सांजेक बघतंय. चकचकली तर हीच, नाय तर कुडाळची."  लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता म्हातारा बाही वर सारून उभा राहिला.

फणसाची सावली आचाऱ्याने बळकावली होती, त्यामुळे गाडी उन्हात. त्यात हे इतके उतावीळ झालेले, की जहाजावरची जुनी खोड उसळून आली. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुरू करायचं ते मागे सुकाणूपर्यंत थांबायचंच नाही! अर्ध्या तासात अख्ख्या गाडीला मेण. आता पुसायला लुगडं उचलणार, एवढ्यात मांडवातून हाक आली, "आजोनू, भटजी खोळंबलेत, गाऱ्हाणां घाला!"

शुभकार्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घरच्या थोरल्याचा. तो टाळता येत नाही आणि त्यातला एकही देव गाळता येत नाही. हे मांडवात उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! आज जां ह्यां मंगलकार्य तुझ्या लेकरांनी मांडलां आसा..." आम्ही सगळे, "होय म्हाराजा!" ग्रामदेवता झाली, कुलदेवता झाली, वेशीवरचा झाला. माझ्या जागेवरून गाडी दिसत होती. ती आधी धुरकट झाली, मग राखाडी, मग चुना काढल्यासारखी पांढरीफेक! त्यांनाही दिसत होती. आवाज वाढला, वेग वाढला, आम्हाला "होय म्हाराजा" म्हणायला श्वास पुरेना. पितर आले, मूळ पुरुष आला आणि शेवटी घशातून निघालं, "आणि म्हाराजा, त्या गाडयेचां काय तां आता तूच बघ!"

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

मेण वाळून दगड झालं होतं. लुगडं नुसतं घसरत होतं. चाळीस वर्षांत कुणी पाहिली नसेल अशी त्या माणसाच्या तोंडाची कळा उतरली, आणि भावजींनी कुडाळची गाडी बोलवायला फोन उचलला. मला भावजींचा असा राग आला की विचारू नका! "थांबा हो," मी म्हणालो, "सांजेपर्यंत म्हणाला होतात ना?"

तेव्हा ताईचे सासरे हळूच म्हणाले, "मेणाक मेणच उतरयता. नवा मेण लाव, जुना मऊ जाता. पण एकट्याच्यान जमाचा नाय." त्यांनी गाडीकडे पाहिलं, मांडवाकडे पाहिलं आणि सात वर्षांत कधी तोंडून न निघालेले शब्द बोलले, "हात लावा रे सगळ्यांनी!"

काय ती झुंबड! मुंबईचे पाहुणे, शेजारच्या मासळी विकून आलेल्या बायका, आचारी, भटजी, झाडून सगळे! एकाने मेण फिरवायचं, दुसऱ्याने चोळायचं. सासूबाईंनी छप्पर धरलं. आयुष्यात प्रथमच त्यांना गाडीला हात लावायला मिळत होता आणि त्या सूड घेतल्यासारख्या घासत होत्या. इतक्यात नवरी आली, हळदीच्या पिवळ्याजर्द हातांनी, आणि थेट डिकीवर चोळायला लागली.  म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग त्याने मेणाचा डबा तिच्याकडे सरकवला.

दिवेलागणीला भावजी आले, गाडीभोवती एक फेरी मारली, दारात स्वतःचा चेहरा पाहिला आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "ठीक आसा." दुसऱ्या दिवशी नात त्याच गाडीतून वेंगुर्ल्याला गेली. आजोबा स्वतः चालवत होते, आणि मागच्या सगळ्या गाड्या त्यांच्यामागे सायकलच्या वेगाने.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर नेली. गाडी उभीच राहिली आणि खाऱ्या वाऱ्याने हिशोब चुकता केला. दारं खालून कुरतडली, निळा रंग विटून गेला. तरी दर रविवारी ते फणसाखाली स्टूल टाकून चाचपडत मेण लावत, एक पत्रा, मग दुसरा. दोन हजार दहा साली मी गेलो तेव्हा नात माहेरी आलेली. त्यांनी तिला हाक मारली. "हात लाव गो बाये. गुळगुळीत लागता मां? तोंड दिसता?"

गंजाच्या डागांत काहीच दिसत नव्हतं. तिने बॉनेटवर तळवा ठेवला. "दिसता आजो. तुमचांय दिसता."

"माझां नको गो," ते म्हणाले, "तुझां दिसता मां? मगे झालां."

आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीने पाठीमागे बांधलेले हात सोडले आणि तिच्या शेजारी माझाही हात ठेवला.