निरगुडीचा पाला आणि माझं बंद तोंड

धाकट्या जावेचा पाय गोठ्याच्या पायरीवर मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. डॉक्टरनं हाड शाबूत असल्याचं सांगितलं, मलम दिलं. पण रविवारी अमरावतीला तिच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. ते चुकणार म्हणून ती रडायला लागली. म्हणाली, "बाई, निरगुडी बांधा ना. पण रीतीनं."

रीत आमच्या सासूची. निरगुडीचा पाला तोडल्यापासून दुखऱ्या जागी बांधेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. बोललं की गुण जातो म्हणे. मला ते पटत नाही. पण पाय तिचा होता.

पूर्वी निरगुडी आमच्याच बांधावर होती. मशीन लावून बांध साफ केल्यापासून ती नाल्याकाठीच उरली आहे, आणि तिथून घरी यायचं म्हणजे अख्खं गाव ओलांडायचं. पदरात पाला घेऊन मी निघाले.

पारावरून एकानं विचारलं, "काकू, कापसाची वेचणी झाली काय?" मी नुसती मान हलवली. गिरणीजवळ शेजारीण भेटली. "काहून वो, बोलून नाही राहिल्या? रागावल्या काय?" मी ओठ घट्ट मिटून पुढे. रस्त्यात भेटलेल्या माणसाला मी चार शब्द सुनावल्याशिवाय कधी सोडलेलं नाही. त्यामुळे गावानं ठरवलं, जावाजावांचं भांडण झालं.

मी तव्यावर पाला गरम करत होते तोवर बाया दारात हजर. शेजारीण मलाच समजावू लागली, "या वयात कायचा अबोला वो? तिचा पाय तर पाहा!"

जावेला सगळं माहीत. तरी तिनं डोळ्यांना पदर लावला. "जाऊ द्या माय. थोरल्या हायेत. मी सहन करून राहिली."

मी पाला घोट्यावर ठेवला, फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि मग तिला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. बाया हसून हसून भिंतीला टेकल्या.

पुढे रोज पाला आणला. आता रीत सगळ्यांना कळली होती, म्हणून पारावरची माणसं मुद्दाम ओरडायची, "काकू, तुमची म्हैस सुटली!" सुटलेली नसायची.

गुण पाल्यानं आला, मलमानं आला की पडून राहिल्यानं, मला सांगता येत नाही. रविवारी सूज उतरली होती आणि एसटीत खिडकीची जागा तिनंच धरली.

लेकीची ओटी भरून झाली आणि बाईसाहेब फुगडीला उभ्या. मी ओरडले, "अवं, पाय सांभाळ!"

"चूप बसा, बाई," ती गिरकी घेत म्हणाली, "पाला काम करून राहिला."