पालखीसाठी घातलेला साकव

१९८४ सालचा फेब्रुवारी, रविवार. रक्कम आठशे रुपये. हजर: आमच्या वाडीतल्या सोळा घरांपैकी अकरा घरांचे कर्ते पुरुष, नदीपलीकडच्या वाडीचे दोन मानकरी आणि साकव, म्हणजे तात्पुरता लाकडी पूल, घालणारा सुतार. बैठक माझ्या पडवीत झाली, म्हणून पैसे सांभाळणेही माझ्याकडेच आले.

नदीवरचा जुना पूल दिवाळीनंतर पाडला होता. नवा त्याच जागी व्हायचा होता. तोवर लोकांनी जायचे कुठून, हे कोणी ठरवलेच नव्हते. मी बांधकाम खात्याच्या कचेरीत दोनदा जाऊन विचारले. साहेब म्हणाले, "वरच्या पुलावरून जा की. थोडा वळसा पडेल, एवढंच."

माणसे वळसा घालतील. शिमग्याची पालखी कशी घालणार? ती वाट दुसऱ्या गावाच्या शिवेतून जाते आणि आमची देवी परक्या शिवेत जात नाही. देऊळ पलीकडे, आमची घरे अलीकडे. साहेब घाटावरचे, त्यांना हे सांगून उपयोग झाला नाही.

त्या वर्षी आई अंथरुणाला खिळल्यासारखीच होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते, पुढच्या वर्षीचा शिमगा धरून चालू नका. देवीची ओटी एकदा स्वतःच्या हाताने भरायची, एवढेच तिचे मागणे होते. त्यामुळे साकवाची घाई सर्वांत जास्त मला.

घरटी पन्नास ठरले. हजर अकरा घरांनी तिथल्या तिथे दिले. सुताराला पाचशे आगाऊ दिले. पोफळीचे सोट आडवे टाकून, वर बांबू बांधून होळीआधी साकव तयार झाला. पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन एकामागे एक माणसे नीट जातील, एवढी रुंदी मी स्वतः उभे राहून धरून घेतली.

पालखीच्या दिवशी ढोल पलीकडच्या काठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ पालखी हलेना, तेव्हा मी साकवावरून पलीकडे गेलो. आमच्या वाडीचे लोक आधीच तिथे जाऊन हुज्जत घालत होते. जुन्या पुलावर अगदी मध्यावर पलीकडच्यांचे खांदे निघायचे आणि आमचे लागायचे. साकवावर शेजारी दुसरा माणूस उभा राहील, एवढी जागाच नव्हती. आम्ही पालखीची रुंदी धरली, खांदा बदलणाऱ्यांची धरली नाही. आणि बैठकीला बसलेले दोन्ही मानकरी तेव्हा चहा पिऊन गप्प उठले होते.

मी म्हटले, "या वर्षी तुम्हीच अलीकडच्या काठापर्यंत आणा."

माझा शेजारी उसळला. "वा रे वा, भाऊ! अर्धा पूल आमचा हाय. तो यांना बक्षीस द्यायचा काय?"

"मग आपण इथूनच उचलू," मी म्हटले.

"आमच्या काठावर तुमचा खांदा?" थोरला मानकरी म्हणाला. "आजवर लागलाय कधी?"

"अहो, पूलच नाही, तर अर्धा कुठला?"

"पूल सरकारने पाडला. मान नाय पाडलेला," शेजारी म्हणाला.

ऊन डोक्यावर आले तरी हेच चालले होते. मी घरी आलो. आई पडवीत ओटीचे ताट घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भांडू देत. त्यांचे बापही भांडायचे. तू मला तिकडे ने."

वेताची खुर्ची दोन बांबूंना बांधली. मागे मी, पुढे खांदा द्यायला तोच शेजारी आला. मी बोलावलेही नव्हते. साकवाच्या मध्यावर आई त्याला म्हणाली, "आता इथे खांदा नको हो बदलूस, मी पडेन."

तिने ओटी भरली. पालखी तिथूनच मागे फिरली. पालखी दारी येईल म्हणून थांबलेल्या वाडीतल्या बाकी बायकांचे नारळ तसेच राहिले आणि बोल सगळा मला लागला: याच्या आईपुरता साकव झाला. बैठकीला न आलेल्या पाच घरांनी पैसे साफ नाकारले. पालखी आली नाही, मग वर्गणी कसली? नव्या पुलाच्या ठेकेदाराचे मजूर मात्र पावसाळ्यापर्यंत त्याच साकवावरून खडी वाहत होते. त्याने एक पैसाही दिला नाही. मागायला गेलो तर, "तुमचा देव गेला नाही, आमची खडी तरी जाऊ दे," म्हणाला.

गुढीपाडव्याला सुताराला उरलेले तीनशे रुपये दिले. त्यातले पन्नास वर्गणीचे, अडीचशे माझे.