करपलेल्या पावाचा स्वाभिमान

बेकरीतली भट्टी माझ्या ताब्यात होती आणि डोकं भट्टीहून तापट. एकदा मालकीणबाई म्हणाल्या, “आज पाव जरा करपलाय.” झालं! ॲप्रन फेकून मी तडक निघालो. पीठ मळणारा मदतनीस हळहळला, “वस्ताद, तुमच्याशिवाय भट्टी पेटायची नाही.” घरी मेहुण्याने पाठ थोपटली, “भाऊजी, माणसाला स्वाभिमान हवाच!” बायकोने मात्र मी पुरावा म्हणून आणलेला पाव चाखला. “अहो, करपलाच आहे की!” तरी मी हट्टाने परत गेलो नाही. आठवड्याभरात तो मदतनीसच वस्ताद झाला.

आता मी दुसऱ्या बेकरीत पीठ मळतो. तिथला वस्ताद ओरडला की अजूनही उठून चालतं व्हावंसं वाटतं. पण हात कोपरापर्यंत पिठात असतात. ते धुऊन होईपर्यंत राग निवतो.